भट्टीवर कोण झोपलं होतं?

माझा धंदा नेमका काय आहे हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. एकदा जेवताना त्यांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी सोपं करून सांगायला गेलो, "मामा, मी खोटे संगणक बनवतो." त्यांचा घास हातातच राहिला. नंतर त्यांनी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, आत बोलावून हळूच विचारलं, "पोलिसांची काय भानगड नाय ना?" सुमन "नाय" म्हणाली, पण तिच्या आवाजात हवा तेवढा ठामपणा नव्हता, असं माझं आजही मत आहे.

आता काम थांबवलंय, तेव्हा निवांत सांगतो. आपल्या चिकलठाण्याच्या कारखान्यांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची मशिनं अजून ठणठणीत चालतात. लोखंड टिकतं हो. पण त्या लोखंडाला हुकूम सोडणारा जो संगणक असतो, तो एक दिवस मान टाकतो. त्याचे भाग कुठं मिळत नाहीत, त्यावरचं सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं तो माणूस कुठं आहे हे कुणाला ठाऊक नसतं, आणि ते सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालायला तयार नसतं. मग मालक रडकुंडीला येऊन माझ्याकडं यायचे. मी नव्या संगणकात असा एक प्रोग्राम बसवायचो जो हुबेहूब जुन्या संगणकाचं सोंग घेतो. जुन्या सॉफ्टवेअरला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत, तेच घड्याळ, तोच कीबोर्ड, सगळं जागच्या जागी. प्रत्यक्षात सगळी बनवाबनवी. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. गिअर बनवणाऱ्या एका मालकांना मी सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "कळलं. आता ते मशीन दाखवा." म्हटलं, दिसत नाही. "दिसत नाही? मग दसऱ्याला हार कशाला घालू?" शेवटी नव्या संगणकावर मी एक चिठ्ठी चिकटवली, 'जुना संगणक आत आहे', तेव्हा त्यांचं समाधान झालं. दुसऱ्या एकांनी मेलेला जुना संगणक टाकून द्यायला साफ नकार दिला. तो नव्याच्या शेजारी प्लॅस्टिक पांघरून बसलेला असायचा, आणि झाडूवाल्या बाई रोज दोघांवरही फडकं मारायच्या.

पण ज्या प्रकरणाबद्दल मला सांगायचंय ते मोतीशेठच्या बेकरीचं.

मोतीशेठची बेकरी चिकलठाण्यात. टोस्ट, बटर, खारी आणि दिवाळीला नानखटाई. छावणीच्या बाजारापासून जालन्यापर्यंत माल जायचा. भट्टी म्हणजे एक लांबलचक लोखंडी बोगदा. पट्ट्यावरून ट्रे आत जायचा, नऊ मिनिटं थांबायचा, मग पट्टा पुढं सरकायचा. ती नऊ मिनिटं मोजायचं काम संगणकाचं. शेजारी काचेच्या खोलीत एक माणूस बसायचा. त्यानं स्क्रीनवर उलटे पळणारे आकडे बघत राहायचं, भट्टीचा ताप बघायचा आणि काही बिघडलं तर हात घालायचा. हा माणूस म्हणजे नामदेवराव.

नामदेवराव फुलंब्रीकडचे. वडील मेंढरं राखायचे, आणि नामदेवराव वीस-बावीस वर्षं ही भट्टी राखत होते. बोलणं कमी. पन्नाशी उलटलेली, पाठ थोडी धरलेली, पण त्या खुर्चीत मात्र ताठ बसायचे. मी त्यांचा जुना संगणक व्हर्च्युअल करून दिला तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "सायेब, ह्याच्यातलं घड्याळ खरं ना?" मी छाती काढून म्हणालो, "खऱ्यापेक्षा खरं."

हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

तीन वर्षं सगळं सुरळीत होतं. मग श्रावणात मोतीशेठनी हौसेनं नवा, वेगवान संगणक घेतला आणि मी आमचं सोंग त्याच्यावर हलवलं. त्यानंतर दोन-चार दिवसांआड भट्टीत एखादा घाणा जळायला लागला. कोळसाच व्हायचा. मोतीशेठनी मला बोलावून घेतलं आणि आपलं निदान सांगितलं.

"काळेसाहेब, नवा संगणक आला, काम हलकं झालं, की लागले डुलक्या घ्यायला. नामदेव झोपतोय."

"कशावरून?"

"अहो, तुमचंच मशीन सांगतं! कळ दाबायची त्याची नोंद असते ना? जळालेल्या घाण्याच्या वेळी प्रत्येक खेपेला अकरा-बारा मिनिटं ह्यानं कशाला हात लावलेला नाही. आणि धूर निघाला की दचकून कळ दाबतो. घड्याळ बघावं तर एकदम बरोबर. मग झोपलं कोण? मला एक बजर पाहिजे. पाच मिनिटं कळ दाबली नाही की कानाशी बोंबललं पाहिजे."

मी मान डोलावली. माझ्या मशीनवर त्यांचा एवढा विश्वास बघून मला तर बरंच वाटलं होतं, हे लपवत नाही.

बजर बसवायला गेलो तर काचेच्या खोलीत नामदेवरावांचा चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, रडतायत. म्हटलं, "नामदेवराव, मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी गालफडातून काहीतरी काढून रुमालात ठेवलं. लवंगी मिरची.

"झोप येऊ नाय म्हून धरतो," ते म्हणाले. "सकाळपासून तिसरी हाय."

"पण झोप येते का तुम्हाला?"

"तेच तर कळंना सायेब. मी बघत असतो. स्क्रीनवर दोन मिनिटं ऱ्हायलेली असत्यात. अंगाला वाटतं, लई येळ झाला. पन घड्याळ म्हनतं दोन मिनिटं. मंग म्हनलं आपलंच चुकतंय. मंग जळका वास येतो, मी कळ दाबतो, आन् बघतो तर दहा मिनिटं गेलेली. डोळा बी लवला नाय न् दहा मिनिटं गायब. मंग मी झोपलोच आसंल ना?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं आणि मी ते इतक्या सरळपणे कानाआड केलं, की आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते. माणूस स्वतःच्या तोंडानं दुखण्याची सगळी लक्षणं सांगत होता. मी फक्त म्हणालो, "डॉक्टरला दाखवा एकदा," आणि बजर बसवून गारखेड्याला घरी आलो.

पुढच्याच आठवड्यात घाणा जळला आणि बजर वाजला नाही. मोतीशेठ म्हणाले, त्यानं वायर काढली असणार. मी म्हणालो, असेल. म्हणजे बघा.

मग मोतीशेठनी कॅमेरा लावला. थेट नामदेवरावांच्या तोंडासमोर. पुढचा घाणा जळल्यावर मोतीशेठ, त्यांचे हिशेबनीस आणि मी अशा तिघांनी ऑफिसात बसून नामदेवरावांचा चेहरा अकरा मिनिटं बघितला. ताठ बसलेले, गाल फुगलेला, नजर समोर. चष्म्यावर स्क्रीनचा उजेड पडल्यामुळं डोळे काही दिसत नव्हते. हिशेबनीस म्हणाले, "आता पापणी हलली." मोतीशेठ म्हणाले, "ती माशी होती." शेवटी मोतीशेठनी निकाल दिला, "हा उघड्या डोळ्यांनी झोपतो. ही तर जास्तच भयंकर केस." एक कॅमेरा स्क्रीनच्या तोंडाकडं लावावा हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पीठ मळणारे सलीमभाई एवढे एकटे नामदेवरावांच्या बाजूनं होते. ते छावणीचे, बेकरीतले सर्वांत जुने उस्ताद. भर दुपारी ऑफिसात येऊन पिठाच्या हातानंच म्हणाले, "शेठ, नामदेव सोता नै. मैं रोज देखतौं उसकू. मशीन सोती."

"मशीन झोपते?" मोतीशेठ हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

"हौ. भट्टी की गरमी में मेरेकू नींद आती, तो मशीनकू कायकू नै आती?"

मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच.

नामदेवरावांना लेखी ताकीद मिळाली, 'कामावर असताना झोपलेले आढळले'. त्यांनी खाली सही केली. डॉक्टरनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. त्यांनी मोटारसायकल चालवणं सोडलं, कारण उघड्या डोळ्यांनी झोप लागणारा माणूस जालना रोडवर किती वेळ जिवंत राहील? ते फुलंब्रीहून बस बदलत यायला लागले. शेठनी सांगितलं होतं की दिवाळीच्या ऑर्डरीत अजून एक घाणा जळाला तर गोदामात पाठवतो, मैद्याची पोती उचलायला. पाठ धरलेल्या माणसाला गोदाम म्हणजे घरी बसवल्यासारखंच होतं.

तशात खंडेनवमी आली. बेकरीतली सगळी मशिनं पुसून, हळदकुंकू लावून झाली. पीठ मळायच्या मशीनला हार, वजनकाट्याला फूल, आणि काचेच्या खोलीत संगणकापुढं नारळ. आता नारळ टेबलावर ठेवला की गडगडतो. म्हणून नामदेवरावांनी तो सरळ कीबोर्डवरच टेकवून ठेवला, शेंडी वर करून.

त्या दिवसापासून एकही घाणा जळाला नाही. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. मोतीशेठ खुशीत. ताकदीनं काम झालं म्हणायचे, म्हणजे ताकिदीनं. नवव्या दिवशी स्वच्छता तपासायला कुणी साहेब येणार म्हणून नारळ उचलला, आणि दहाव्या दिवशी नानखटाईचा अख्खा घाणा कोळसा झाला.

अकराव्या दिवशी नामदेवराव डब्याच्या पिशवीतून नवा नारळ घेऊन आले आणि कीबोर्डवर ठेवला.

मोतीशेठचा मला फोन. "काळेसाहेब, आता डोक्यावर परिणाम झालाय. कीबोर्डवर नारळ ठेवतो आणि म्हणतो, हा असला की मला झोप येत नाही. मी आता त्यालाच नारळ देतो! सोमवारपासून गोदाम. तुम्ही येऊन कीबोर्डला काही झालंय का बघा."

मी गेलो तो कीबोर्डची काळजी घ्यायला. मोतीशेठनी समोर उभं राहून नारळ उचलायला लावला होता आणि नामदेवराव तो मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "मला येडं समजू नका सायेब. मला बी कळतं नारळात काय नसतंय. पन हा ऱ्हायला की माझी दहा मिनिटं जात न्हाईत. का जात न्हाईत ते तुमी सांगा. तुमी शिकलेले."

ते 'तुमी शिकलेले' मला तोंडात मारल्यासारखं लागलं. कारण मला ठाऊक नव्हतं, आणि मी तीन महिने विचारही केला नव्हता.

म्हटलं, "ठेवा बरं परत, कसा ठेवता ते दाखवा."

त्यांनी ठेवला. नारळाचं बूड नेमकं खालच्या लांब कळीवर टेकलं, ती पुरती दबली. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही कळ दाबून काहीच होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण दाबून धरलेली कळ गप्प बसत नाही. ती संगणकाला सेकंदाला पुन्हा पुन्हा टोचत राहते, 'मी दाबलेय, मी दाबलेय.' म्हणजे कुणीतरी सारखं टोचत राहिलं की हा संगणक नीट चालतो. आणि नाही टोचलं तर?

मी नारळ काढून तिथं सलीमभाईंकडून मागून आणलेली अर्धा किलो खारीची पिशवी ठेवली. दोन दिवस काही जळालं नाही. पिशवी काढली, तिसऱ्या दिवशी दुपारी घाणा जळला. सलीमभाईंनी पिशवीतली खारी मोजली आणि म्हणाले, "इलाज अच्छा है साब, लेकिन दो कम हैं." त्या दोन मीच खाल्ल्या होत्या.

आता थोडं यंत्रातलं सांगतो, कंटाळू नका. त्या जुन्या सॉफ्टवेअरची पद्धत साधी होती. ते सतत जागं नसायचं. गजर लावायचं आणि झोपायचं. गजर झाला की उठायचं, घड्याळ बघायचं, आकडा बदलायचा, पुढचा गजर लावायचा, परत झोपायचं. सेकंदाला कितीतरी वेळा हे चाले. गजर वाजला किंवा कीबोर्ड-माउसला हात लागला, या दोनच गोष्टींनी त्याला जाग यायची. खऱ्या जुन्या संगणकात गजर वाजवणारी वेगळी चीप होती. माझ्या खोट्या संगणकात त्या चीपचं सोंग मी स्वतः लिहिलं होतं.

मी तो भाग उघडला. गजराची वेळ झाली की माझा प्रोग्राम आधी गजर वाजवत होता, आणि मग 'गजर लावलेला आहे' ही नोंद पुसत होता. आधी वाजवणं, मग पुसणं. मध्ये केसाएवढी फट. आधीच्या मंद संगणकावर दोन कामं जवळजवळ एकापाठोपाठच व्हायची, म्हणून तीन वर्षं निभावलं. नव्या वेगवान संगणकावर दोन्ही कामं खरोखर एकाच वेळी पळायला लागली, आणि लाखात एखाद्या वेळी त्यांची शर्यत लागायची. आमच्या धंद्यात याला रेस कंडिशनच म्हणतात. आणि त्या ओळीच्या शेजारी माझ्याच हातची टीप होती, 'इथं गडबड होऊ शकते. नंतर बघू.'

टीप सहा वर्षांपूर्वीची होती, हे सोंग मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हाची.

हे मी सुमनला सांगायला लागलो. तिचा संगणकाशी संबंध बँकेच्या पासबुकापुरता. दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुमचं रविवारचंच की."

रविवारचं असं की, आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं हे काही नवीन नाही. एका रविवारी दुपारी येणार होतं म्हणून सुमन गजर लावून आडवी झाली होती. मीही शेजारी. गजर वाजला, ती उठली, मोटार लावली, टाकी भरली की बंद करायची म्हणून तिनं त्याच घड्याळात चाळीस मिनिटांनंतरचा नवा गजर लावला आणि परत पडली. इकडं पहिला गजर ऐकून माझा हात आपला सावकाश घड्याळापर्यंत पोचत होता. पोचला, आणि मी गजर बंद केला. पहिला नाही, तिचा नवीन. दोघंही गाढ झोपलो. टाकी भरून वाहिली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या शेजारच्या काकूंच्या कुरडयांची परत खीर झाली. काकूंनी दार बडवलं तेव्हा आम्ही उठलो.

"बघा," सुमन म्हणाली, "काकूंनी दार वाजवलं म्हणून उठलो. तुमच्या त्या नामदेवरावांचा नारळ म्हणजे आपल्या काकू."

इतकं स्वच्छ मला सांगता आलं नसतं. गजर वाजला, जुन्या सॉफ्टवेअरनं लगेच उठून नवीन गजर लावला, आणि तेवढ्यात माझा मंद हात येऊन तो नवीनच पुसून गेला. मग त्याला उठवणारं कुणी नाही. स्क्रीनवरचे आकडे तिथंच थिजणार, बजरही त्याच्याच पोटात असल्यामुळं तोही झोपणार. धूर बघून कुणी कळ दाबली की ते उठणार, खरं घड्याळ बघणार, आणि काहीच घडलं नाही अशा थाटात आकडे बरोबर करून टाकणार. पुरावा साफ. मी घरून दुरून बघायला लागलो की माझा माउस हलायचा आणि ते जागं व्हायचं, म्हणून मला कधी सापडलंही नव्हतं. आणि समोर नामदेवराव, हात मांडीवर ठेवून, मिरची धरून, त्या थिजलेल्या दोन मिनिटांवर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवून बसलेले. भट्टीच्या भागात घड्याळ, अंगठी, मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळं दुसरी वेळ बघायलाही काही नाही.

दुरुस्ती चार ओळींची होती. एक जण नोंदीला हात लावत असेल तोवर दुसऱ्यानं दाराबाहेर थांबायचं, इतकंच. त्याला अर्धा तास लागला. पण नुसती दुरुस्ती करून भागणार नव्हतं. मोतीशेठना मी हे समजावून सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, 'तुम्ही नामदेवची बाजू घेताय.' म्हणून मी आधी उलटं काम केलं. ती फट मुद्दाम रुंद केली, की शर्यत हटकून लागावी.

सोमवारी सकाळी, नामदेवरावांना गोदामात पाठवायच्या आधी, मी मोतीशेठना म्हणालो, "एक घाणा तुम्ही स्वतः काढून बघा. फक्त नऊ मिनिटं. माणसाला तिथं झोप का येते ते तरी कळेल." शेठ तयार. घड्याळ-अंगठ्या काढून, डोक्याला टोपी घालून खुर्चीत बसले. मी पॅकिंगमधलं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं आणि सलीमभाईंच्या हातात दिलं. ते शेठच्या पाठीमागं ते छातीशी धरून उभे राहिले. नानखटाईचा एकच ट्रे आत गेला.

आकडे पळायला लागले. सात मिनिटं, सहा, पाच. मोतीशेठ ताठ. दोन मिनिटं दहा सेकंदांवर आकडे थिजले.

मोतीशेठ बघत राहिले.

सलीमभाईंच्या छातीवर एक मिनिट गेलं. तीन गेली. मोतीशेठनी एकदा मान खाजवली. पाच गेली. खुर्चीत जरा सरकले. "फार वेळ वाटतो नाही इथं?" असं स्वतःशीच म्हणाले, आणि परत आकड्यांकडं बघायला लागले. नामदेवराव दारात उभे होते. त्यांची नजर एकदा शेठकडं, एकदा घड्याळाकडं.

आठव्या मिनिटाला जळका वास आला. मोतीशेठ दचकून उठले, कळ दाबली, आणि स्क्रीनवरचे आकडे टुणकन शून्यावर आले. पट्टा सरकला. कोळसा बाहेर आला.

मी विचारलं, "शेठ, झोपलात का?"

"अहो मी कशाला झोपीन? दोन मिनिटं बाकी..." आणि वळून त्यांनी सलीमभाईंच्या छातीवरचं घड्याळ बघितलं. तोंड उघडं ते उघडंच. पॅकिंगच्या बायका काचेला नाकं लावून बघत होत्या, त्या फिस्सकन हसल्या. सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "उघडी आँखों से सोते शेठ. बहुत खराब बीमारी." मोतीशेठ आधी चिडले, मग स्वतःच हसायला लागले. तसे माणूस वाईट नव्हते.

हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग ही चूक कुणाची म्हणायची?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. धंद्यात असताना असल्या प्रश्नाला मी कायम 'तांत्रिक अडचण' असं उत्तर देत आलोय. दोन्ही शब्द भारदस्त आहेत आणि त्यात कुणाचंच नाव येत नाही. तेच ओठांवर आलं होतं. पण नामदेवराव अजून दारातच होते. सगळे हसत होते, त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं,

"म्हंजी सायेब, मी झोपलो नव्हतो?"

"नाही, नामदेवराव."

"एकदा बी नाय?"

"एकदाही नाही. झोपत होतं ते मी बनवलेलं घड्याळ. चूक माझी."

ते खाली बसले, तिथंच फरशीवर, भिंतीला टेकून. टोपी काढून तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. तीन महिने हा माणूस स्वतःच्या डोळ्यांना घाबरून जगत होता. मीच त्याला तसं जगायला लावलं होतं आणि वर डॉक्टरचा सल्लाही दिला होता. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

मोतीशेठनी ताकदीचं ते पत्र, म्हणजे ताकिदीचं, फाईलमधून काढून सगळ्यांसमोर फाडलं. मी चार ओळी बसवल्या. त्या दिवसापासून भट्टी बघा, अजून एक घाणा जळालेला नाही.

निघताना नामदेवरावांनी मला गेटपाशी गाठलं. तोंड धुऊन आलेले.

"सायेब, तेवढं कागदावर द्या."

"काय?"

"मी जागा हुतो म्हून. तोंडी सांगून घरी कुणी ऐकायचं न्हाई. मंडळी तर मला देवऋष्याकडं न्यायला निघालीय. आन् मेव्हणा भेटला की इचारतो, जागं हाये का दाजी."

मी परत आत गेलो, माझ्या लेटरहेडचा कागद घेतला. आयुष्यभरात प्रमाणपत्रं मी पुष्कळ दिली, यंत्र बसवल्याची, काम पूर्ण झाल्याची. असलं पहिलंच. लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की, श्री. नामदेवराव हे भट्टीवर कामावर असताना सदैव जागे होते.' वाचून दाखवलं.

"डोळे उघडे ठिवून, ते बी घाला."

घातलं. शिक्का मारला.

"आन् झोपलं कोन हुतं ते?"

मी कागद परत पुढं ओढला. मग लिहिलं, 'झोपलेले घड्याळ खाली सही करणाऱ्याने बनवलेले होते व त्यातील चूक त्यास सहा वर्षांपासून माहीत होती.' आणि सही केली.

नामदेवरावांनी कागद दोनदा वाचला, ओठ हलवत, एकेक अक्षरावर बोट ठेवत. सहीवर बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग नीट घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"झालं मोकळं," ते म्हणाले. "आता तुमी बी झोपा निवांत."